इन्स्टॉल स्क्रिप्टमधली आयती नावं

सर्व्हर उभा करायच्या स्क्रिप्टमध्ये निम्मी व्हेरिएबल्स आपण तयार करतच नाही. होम, यूजर, पाथ, होस्टनेम ही नावं शेल आणि सिस्टिम आपल्याला आयती देतात. आयत्या बिळावर नागोबा व्हायला हरकत नाही, पण बीळ कोणाचं हे आधी बघावं.

एका पुरवठादाराची स्क्रिप्ट आम्ही उबुंटू २२.०४ वर चालवली. तिच्या सुरुवातीला 'व्हर्जन' या व्हेरिएबलमध्ये त्यांच्या सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक होता. पुढे डिस्ट्रो ओळखण्यासाठी 'ओएस-रिलीज' ही फाइल थेट सोर्स केली होती. गोम अशी की त्या फाइलमध्येही 'व्हर्जन' असतं. त्यात २२.०४, मग एलटीएस, मग कंसात जॅमी जेलीफिश! पुरवठादाराचा क्रमांक गुपचूप पुसला गेला. फोल्डर बनवायच्या ओळीत व्हेरिएबलभोवती अवतरणचिन्हंही नव्हती, त्यामुळे शेलने मोकळी जागा दिसेल तिथे तुकडे पाडले. एलएस मारलं, तर 'एलटीएस' नावाचं एक फोल्डर, उघडत्या कंसासकट 'जॅमी' दुसरं आणि बंद कंसासकट 'जेलीफिश' तिसरं. वर स्क्रीनवर 'इन्स्टॉलेशन यशस्वी'.

'नेम' आणि 'आयडी' हीसुद्धा त्याच फाइलमधली नावं. म्हणून ती सोर्स करायचीच तर सबशेलमध्ये करा आणि हवी तेवढीच किंमत बाहेर घ्या. स्वतःची नावं छोट्या अक्षरांत ठेवा. मोठ्या अक्षरांतली नावं सिस्टिमची, छोटी आपल्या प्रोग्रामची, अशी वाटणी पॉझिक्समध्येच आहे.

'होम'वरही आंधळा विश्वास नको. सुडोखाली उबुंटू १९.१० च्या आधी ते मूळ वापरकर्त्याचं राहत असे, त्या आवृत्तीपासून रूटचं होतं. क्लाउड-इनिटमधून चालणाऱ्या स्क्रिप्टला तर ते मिळेलच असं नाही. 'यूआयडी'ला बॅशमध्ये किंमत द्यायला गेलात, तर ते रीड-ओन्ली आहे म्हणून एरर येते. डॅशमध्ये ते मुळात नसतंच, आणि उबुंटूचा 'एसएच' म्हणजे २००६ पासून डॅशच.

'सेट -यू' लावलं की सुटलो, असं समजणारे बरेच भेटतात. ते फक्त न दिलेलं व्हेरिएबल पकडतं, रिकामं नाही. जानेवारी २०१५ मध्ये स्टीमच्या लिनक्स स्क्रिप्टचा गाजलेला घोळ याच फटीतला. फोल्डरचा पत्ता काढणारी आज्ञा फसली, व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि 'आरएम'ची ओळ मूळ डिरेक्टरीपासून पुसत सुटली. ज्यांनी लिहिलं, त्यांनी त्या ओळीवर 'भीतिदायक' अशा अर्थाची टीपही टाकली होती, हे विशेष! तिथे व्हेरिएबलच्या नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह लावलं असतं, तर रिकाम्या किमतीवर स्क्रिप्ट तिथेच थांबली असती.

पुरवठादाराची स्क्रिप्ट हाती आली की रूटने चालवण्याआधी तिच्यात 'ओएस-रिलीज' आणि 'आरएम' ग्रेप करून बघा, आणि शेलचेक जरूर चालवा.