ॲस्टरची पावसाळी लागवड : पेरणी पंचांग पाहून

ॲस्टर हे चार-साडेचार महिन्यांचे पीक. बी टाकल्यापासून साधारण शंभर दिवसांनी पहिला तोडा येतो आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत प्लॉट मोकळा होतो. झेंडू एकदा सुरू झाला की दीड-दोन महिने चालतो. एखाद्या आठवड्यात भाव पडला तरी पुढच्या तोड्यांत भरून निघते. ॲस्टरला ती सवलत नाही. बहर एकदम येतो, आणि तो कोणत्या आठवड्यात येतो यावर सगळा हिशेब ठरतो. पुणे जिल्ह्यात पुरंदर, दौंड, हवेली या पट्ट्यात हे पीक तिन्ही हंगामांत घेतले जाते. तरी पावसाळी लागवडीला मोल जास्त, कारण तिच्यापुढे गणपती, नवरात्र, दसरा आणि दिवाळी एकापाठोपाठ उभे असतात.

बाजार ज्याला ॲस्टर म्हणतो ती वनस्पती म्हणजे चायना ॲस्टर. शास्त्रीय नाव कॅलिस्टेफस चायनेन्सिस. मूळची चीनची. अठराव्या शतकात फ्रेंच जेझुइट मिशनऱ्यांमार्फत तिचे बी युरोपात पोहोचले आणि तिथल्या बागायतदारांनी तिच्या साध्या एकेरी फुलाचे भरगच्च गोंडे केले. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ सालच्या आपल्या ग्रंथात तिला ॲस्टर या प्रजातीत घातले. पुढे शास्त्रज्ञांनी तिची प्रजाती वेगळी काढली, पण नाव चिकटले ते चिकटलेच. त्याच ग्रंथात नोंदवलेला अल्पाइन ॲस्टर हा मात्र खरा ॲस्टर, आणि बहुवर्षीय. आल्प्स, पिरेनीज, कार्पेथियन या डोंगरांच्या उतारांवर तो वीतभर उंचीने वाढतो. एका दांड्याला एकच फूल, कडेने निळसर जांभळ्या पाकळ्या, मध्ये पिवळी चकती. हिवाळाभर बर्फाखाली निजायचे, बर्फ वितळला की फुलायचे आणि मुळाशी पाणी साचले की कुजायचे, असा त्याचा स्वभाव. पाकिटावरचे ‘बहुवर्षीय’ एवढेच वाचून ते बी मागवले तर पैसे पाण्यात जातात, कारण इथला एप्रिलचा उन्हाळा आणि जुलैची झड ही दोन्ही त्याला सोसत नाहीत. बहुवर्षीय ॲस्टर हवाच असेल तर पुष्पगुच्छात भर म्हणून जाणारी बारीक फुलांची निळी डेझी लावावी. ती मुनव्यांपासून वाढते. या लेखाचा विषय मात्र एकवर्षायू चायना ॲस्टर आहे.

पेरणीची तारीख मागच्या वर्षीच्या वहीतून उचलू नये. सण तिथीने येतात आणि अधिक महिना आला की सगळे पुढे सरकतात. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती; २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्याने ती १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे अठरा दिवसांचा फरक. जुन्या तारखेवर विसंबून मेच्या मध्यात रोप टाकले, तर चांगल्या प्रतीचा माल श्रावणात निघून जातो आणि ऐन गणपतीत बाजूच्या फांद्यांची बारीक फुले उरतात.

पहिला तोडा सणाच्या चार-सहा दिवस आधी हाती यावा असे धरून शंभर दिवस मागे मोजले, तर २०२६ साठी तीन तारखा निघतात : गणपतीसाठी मेअखेर, ११ ऑक्टोबरच्या घटस्थापनेसाठी जूनअखेर आणि ८ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनासाठी जुलैचा शेवटचा आठवडा. यात एक खाच आहे. मृगाचा पाऊस पडला की सगळ्यांचेच हात शिवशिवतात आणि १५ जूनच्या आसपास गावोगाव वाफे भरतात. त्या रोपांचा बहर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो, आणि नेमका त्याच वेळी पितृपंधरवडा लागतो. तो १० ऑक्टोबरच्या सर्वपित्री अमावास्येपर्यंत चालतो. या दिवसांत फुलांना उठाव नसतो. पेरणीला सर्वांत सोयीचा वाटणारा आठवडा विक्रीला सर्वांत गैरसोयीचा निघतो, तो असा. सगळे क्षेत्र एकाच तारखेला न लावता दोन-तीन टप्प्यांत विभागलेले बरे. एखादा टप्पा चुकला तरी बाकीचे सावरून घेतात.

वाणांपैकी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुण्यातील गणेशखिंड येथील केंद्राचे फुले गणेश व्हाइट, फुले गणेश पिंक, फुले गणेश व्हायोलेट आणि फुले गणेश पर्पल महाराष्ट्रात रुळलेले आहेत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे कामिनी, पूर्णिमा, शशांक आणि व्हायोलेट कुशन हेही चालतात. कामिनी गुलाबी, पूर्णिमा व शशांक पांढरे. रंग कोणता घ्यायचा हे बाजार पाहून ठरवावे. पांढरा माल हार-तोरणाला बाराही महिने लागतो. पण पावसात डागाळला की तो डाग सर्वांत आधी पांढऱ्यावरच दिसतो. गणपतीच्या टप्प्यात म्हणून जांभळा-गुलाबी अधिक आणि दिवाळीच्या टप्प्यात पांढरा अधिक, अशी वाटणी शहाणपणाची.

बियाण्याबाबत एकच गोष्ट घासून पाहायची, ती म्हणजे ताजेपणा. ॲस्टरच्या बियांची उगवणशक्ती झपाट्याने घटते आणि वर्ष उलटलेले बी भरवशाचे राहत नाही. पेरणीआधी शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्यात आणि आठ-दहा दिवसांनी मोजाव्यात. सत्तरच्या खाली मोड आले तर बी जास्त लागेल. पन्नासच्या खाली आले तर ते बी बाजूला ठेवावे. बी बारीक असते, एका ग्रॅममध्ये चारशेच्या वर बिया बसतात. एकराला साधारण एक किलो बी धरतात. ट्रेमध्ये रोपे केली तर त्याहून बरेच कमी पुरते.

रोपवाटिकेसाठी तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पावसाळ्यात किमान वीस सेंटिमीटर उंच असे गादीवाफे करावेत. चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळून, वाफ्याच्या रुंदीला समांतर पाच-सहा सेंटिमीटरवर बोटाने रेघा ओढून बी पातळ टाकावे आणि चाळलेल्या खताने जेमतेम झाकावे. बी खोल गेले की वर येत नाही. पेरणीपूर्वी किलोला चार-पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावा. वाफ्यावर गवताचे पातळ आच्छादन घालून झारीने पाणी द्यावे. मोड दिसू लागताच आच्छादन संध्याकाळच्या वेळी उचलावे. एक दिवस उशीर झाला तरी रोपे लांबडी, पांढुरकी होतात आणि पहिल्या सरीत आडवी पडतात. दाट पेरणी आणि ओला वाफा यांतून रोपमर येते. ती दिसली तर पाणी कमी करून कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच-तीन ग्रॅम या प्रमाणात वाफ्यावर ओतावे. मात्र त्यासोबत ट्रायकोडर्मा वापरू नये. तांब्याचे औषध त्या उपयोगी बुरशीलाही मारक ठरते. पावसाळ्यात वाफ्यावर कीडरोधक जाळीचा छोटा बोगदा केलेला चांगला. त्याचे कारण पुढे येईल.

जमीन निचऱ्याची, मध्यम, सामू साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान अशी असावी. भारी काळ्या रानात पावसाळी ॲस्टर घेऊच नये. घ्यावाच लागला तर उंच गादीवाफा, ठिबक आणि कडेने चर, या तिन्हींशिवाय नको. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात. हेक्टरी दहा ते पंधरा टन कुजलेले शेणखत मशागतीच्या वेळीच मिसळावे.

रोप चार-पाच पानांचे, म्हणजे चार आठवड्यांच्या आसपासचे झाले की पुनर्लागवड करावी. ती दुपारनंतर, वाफशावर आणि शक्यतो ढगाळ दिवशी. अंतर ४५ बाय ३० सेंटिमीटर. उशिराच्या टप्प्याला ३० बाय ३० पुरते. आंबवणी-चिंबवणीच्या वेळी पाऊस असेल तर पाणी देण्याचा हट्ट धरू नये. नांगे आठवड्याच्या आत भरावेत, नाहीतर मागून लावलेली रोपे बहरालाही मागेच राहतात.

रासायनिक खताची मात्रा माती परीक्षणावर ठरवावी. स्फुरद आणि पालाश पूर्ण व नत्र निम्मे लागवडीच्या वेळी, उरलेले नत्र चाळीस दिवसांच्या सुमारास खुरपणी करून भर देताना. नत्र जास्त झाले की झाड पानांनी भरते, दांडा नरम राहतो आणि मावा हमखास येतो.

शेंडा खुडायचा की नाही, हे माल कसा विकायचा त्यावर आहे. सुट्या फुलांसाठी लागवडीनंतर महिन्याभराने शेंडा खुडला की फांद्या आणि फुले वाढतात. मात्र बहर आठ-पंधरा दिवस लांबतो आणि तेवढे दिवस वरच्या शंभरात मिळवावे लागतात. लांब दांड्याच्या जुड्या करायच्या असतील तर खुडू नये.

उशिराच्या टप्प्याला अंतर कमी का, त्याचा उलगडा दिवसाच्या लांबीत आहे. ॲस्टरचा दांडा लांब दिवसांत वाढतो. जूनमध्ये पुण्यात दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांवर येतो. जूनअखेरपर्यंत लावलेले झाड गुडघ्याच्या वर जाते. ऑगस्टअखेर लावलेले झाड दिवस लहान होत असताना वाढते, ठेंगणे राहते आणि लवकर कळी धरते. दिवाळीच्या टप्प्याचा माल आखूड निघाला म्हणून खताला दोष दिला जातो, पण तिथे खताचा काही संबंध नसतो. तो माल सुट्या फुलांसाठीच धरावा.

रोगांत सर्वांत वाईट तो मर. फ्युजेरियम बुरशीची एक शाखा फक्त ॲस्टरवरच जगते. ती मुळांतून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. सुरुवातीची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे : झाडाची एकच बाजू पिवळी पडते, दुसरी हिरवीगार असते. असे झाड उपटून बुंध्याजवळ चाकूने उभे चिरले तर सालीखाली तपकिरी रेघा दिसतात; दमट हवेत बुंध्यावर फिकट गुलाबी बुरशीही धरते. लागण झालेल्या झाडाला औषध नाही. ते मातीसकट उचलून जाळावे, बांधावर टाकू नये. बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे तग धरते, म्हणून एकदा मर आलेल्या रानात चार-पाच वर्षे ॲस्टर नको. एप्रिल-मेमध्ये ओलसर जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक पाच-सहा आठवडे अंथरून ती तापवली तर वरच्या थरातील बुरशी बरीच कमी होते. शेणखतात वाढवलेला ट्रायकोडर्मा आणि निंबोळी पेंड हे आधीचे उपाय आहेत. मर दिसल्यावर टाकून फारसा फरक पडत नाही.

दुसरा रोग पिवळ्याचा. शिरा पिवळसर, फांद्यांचा झुपका आणि फुलाच्या जागी हिरवे, पानासारखे गोंडे दिसले की तो फायटोप्लाझ्मा समजावा. त्याचा प्रसार तुडतुड्यांमार्फत होतो. एल. ओ. कुंकेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात ॲस्टरवरच हे सिद्ध केले. १९६७ साली जपानी संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली रोगकारक दाखवेपर्यंत सगळे त्याला विषाणूच समजत होते. त्या काळी अमेरिकेत काही उत्पादक ॲस्टर चक्क कापडाच्या मांडवाखाली लावू लागले होते, तुडतुडा आत येऊ नये म्हणून. रोपवाटिकेवरची जाळी त्याच कारणासाठी, कारण लहानपणी लागण झालेले झाड एकही विकाऊ फूल देत नाही. हिरव्या गोंड्याचे झाड दिसेल त्या दिवशी उपटावे.

मावा आणि फुलकिडे यांच्यासाठी पिवळे व निळे चिकट सापळे आणि पाच टक्के निंबोळी अर्क सुरुवातीला पुरे होतात. कळी पोखरणारी अळी कळीला गोल भोक पाडते. सकाळी फिरून अशा कळ्या वेचाव्यात. रासायनिक औषध लागलेच तर लेबलवर फुलपिकासाठी शिफारस असलेलेच घ्यावे.

सुटी फुले पूर्ण उमलल्यावर, सकाळी दव ओसरल्यावर तोडावीत. ओले फूल क्रेटमध्ये भरले की गुलटेकडी किंवा दादरला पोहोचेपर्यंत मधली चकती तपकिरी होते, आणि अडत्याचे बोट आधी तिथेच जाते. पावसात भिजलेला माल तोडावाच लागला तर तो पोत्यांवर एकेरी पसरून वारा लागू द्यावा. जुडीसाठी बाहेरच्या पाकळ्या उघडल्या आणि मधला भाग अजून घट्ट असला की झाड जमिनीलगत कापावे, खालची पाने काढून दांडे लगेच पाण्यात ठेवावेत. पाण्यात बुडालेली पाने एका रात्रीत कुजतात आणि पाण्याला वास सुटतो.

घरचे बी धरायचे असेल तर ते पावसाळी बहराचे नको. भिजलेल्या बोंडात बुरशी शिरते. उघडिपीतल्या, म्हणजे हिवाळी-उन्हाळी लागवडीतून निरोगी, एकसारख्या रंगाची झाडे निवडावीत. ॲस्टरमध्ये बरेचसे स्वपरागीकरण होते, तरी मधमाश्या रंगांची सरमिसळ करतात, म्हणून दोन रंग शेजारी-शेजारी ठेवून बी धरू नये. फूल वाळून मध्ये पांढुरका कापूस दिसू लागला की बोंडे खुडून सावलीत सुकवावीत, चोळून, पाखडून हवाबंद डब्यात ठेवावीत. डब्यावर वाणाबरोबर काढणीचा महिना लिहावा.