ड्रॉइंग आवरणाऱ्या जोड-कमांड: वापरापूर्वीचा विचार

कॅड ड्रॉइंग आवरणे, म्हणजे संगणकावर काढलेल्या आराखड्यातील रेषा योग्य लेयरवर नेणे, दुबार रेषा काढून टाकणे, अक्षरे एका शैलीत आणणे आणि फाइल छपाईसाठी किंवा मंजुरीसाठी सिद्ध करणे, हे काम हाताने करू गेल्यास दिवस खाते. म्हणूनच आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांच्या कार्यालयांत मूळ प्रणालीला बाहेरून जोडलेल्या छोट्या कमांडचा एखादा संच वर्षानुवर्षे वापरात असतो. या जोड-कमांडची उपयुक्तता वादातीत आहे. मात्र त्यांच्या वापरातून ज्या चुका घडतात त्यांतील बऱ्याच चुका कमांड सदोष असल्यामुळे घडत नाहीत. कमांड तिला सांगितलेले काम चोख करते आणि तरीही आराखडा बिघडतो, कारण कमांडला फाइलमध्ये नोंदलेली भूमिती आणि गुणधर्म तेवढे दिसतात, ती रेषा तेथे कशासाठी काढली हे मात्र काढणाऱ्यालाच ठाऊक असते. पुढील विवेचनातील सूचना या एकाच जाणिवेतून आलेल्या आहेत.

ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आले आणि १९८६ मध्ये त्यात ऑटोलिस्प ही भाषा समाविष्ट झाली. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत ज्या लिस्प भाषेची आखणी केली तिचीच ही एक बोली असून, सूची हा तिच्या रचनेचा पाया असल्यामुळे एखाद्या रेषेचा प्रकार, लेयर, रंग, आरंभबिंदू, अंत्यबिंदू अशी सारी माहिती एका सूचीच्या रूपात वाचता येते आणि त्या सूचीतील एक घटक बदलून ती रेषाही बदलता येते. ड्राफ्ट्समन ज्याला नुसते ‘लिस्प’ म्हणतात ती बहुधा अशा सूचनांची साध्या मजकुरातील फाइल असते आणि ती लोड केली की तिच्यातील कमांड मूळ कमांडप्रमाणेच की-बोर्डवरून देता येते. ऑटोकॅडसोबत मिळणारा एक्स्प्रेस टूल्स हा संचही याच प्रकारचा आहे; त्यातील ओव्हरकिल ही दुबार रेषा काढणारी कमांड इतकी रुळली की पुढे ती मूळ प्रणालीत घेतली गेली. ऑटोकॅड एलटी या कमी किमतीच्या रूपात लिस्प चालवण्याची सोय मात्र २०२४ च्या आवृत्तीत प्रथम आली, त्यामुळे एका कार्यालयात बसलेली पद्धत दुसरीकडे जशीच्या तशी चालेल असे गृहीत धरता येत नाही.

कोणत्याही जोड-कमांडविषयी विचारण्याचा पहिला प्रश्न ती काय करते हा नसून ती कशाकशाला हात लावते हा असला पाहिजे. पडद्यावर दिसणाऱ्या वस्तू माऊसने निवडणे आणि कमांडने संपूर्ण ड्रॉइंग निवडणे यांत मोठा फरक आहे: ऑटोलिस्पमधील सर्वव्यापी निवड बंद केलेल्या आणि गोठवलेल्या लेयरवरील वस्तूही उचलते, आणि मॉडेलखेरीज इतर लेआउटवर, म्हणजे छपाईसाठी मांडलेल्या कागदांवर, असलेले शीर्षकचौकट व टिपांसारखे घटकही तिच्या कक्षेत येतात. आधीचा पर्याय जपून ठेवण्यासाठी जो लेयर गोठवून ठेवला होता तोच नव्या लेयरमध्ये मिसळला, तर दोन पिढ्यांचे आराखडे एकमेकांत शिरतात आणि छपाई होईपर्यंत ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. याउलट कुलूपबंद लेयरवरील वस्तू बदलू न शकल्याने काही कमांड त्यांना मुकाट्याने वगळतात, तर काही तेथेच अडखळून थांबतात आणि काम अर्धवट राहते. ब्लॉकच्या, म्हणजे एक वस्तू म्हणून साठवलेल्या दार, खिडकी, झाड अशा चिन्हांच्या, आत ही निवड शिरत नाही. त्यासाठी ब्लॉकच्या व्याख्येतच बदल करणारी वेगळी कमांड लागते, आणि तिच्याबाबत अधिक जपावे लागते.

या जपण्याचे कारण शून्य क्रमांकाच्या लेयरमध्ये आहे. ब्लॉकमधील रेषा शून्य लेयरवर काढलेल्या असल्या आणि त्यांचा रंग लेयरनुसार ठेवलेला असला, तर तो ब्लॉक ज्या लेयरवर बसवला जाईल त्याचे गुण त्या धारण करतात. म्हणून एकच दार प्रस्तावित बांधकामात एका रंगाने आणि विद्यमान बांधकामात दुसऱ्या रंगाने दिसू शकते. शून्य लेयरवर काहीही शिल्लक राहू नये असा नियम करून ब्लॉकच्या आतील रेषाही दुसऱ्या लेयरवर हलवणारी कमांड ही सोय कायमची नष्ट करते. शून्य लेयरवरचा सगळा पसारा म्हणजे आळशी कामाची खूण, ही समजूत ब्लॉकबाहेरच्या रेषांपुरती रास्त आहे. ब्लॉकच्या आत तिचा आधार घेऊ नये. ब्लॉक फोडण्याबाबतही असाच विवेक हवा. दारक्रमांकासारखी माहिती ॲट्रिब्यूट म्हणून ज्या ब्लॉकमध्ये भरलेली असते तो एक्स्प्लोड या मूळ कमांडने फोडल्यास भरलेले मूल्य जाते आणि त्या जागेचे केवळ सांकेतिक नाव उरते, तर बर्स्ट ही जोड-कमांड मूल्याचे साध्या अक्षरांत रूपांतर करून ते टिकवते. येथे जोड-कमांड मूळ कमांडपेक्षा निःसंशय सरस आहे.

महाराष्ट्रातील कार्यालयांना सर्वाधिक जाचणारा आणि तरीही इंग्रजी मार्गदर्शनात सहसा न आढळणारा प्रश्न मराठी मजकुराचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि कित्येक ठिकाणी त्यानंतरही, श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये गट क्रमांक, चतुःसीमा, मालकाचे नाव आणि नकाशावरील टिपा लिहिल्या गेल्या. अशा फाँटमध्ये फाइलमध्ये साठवले जातात ते रोमन अक्षरांचे संकेतांक, आणि त्यांना देवनागरी रूप देतो तो फाँट. सर्व मजकूर एकाच शैलीत आणणारी कमांड त्या ड्रॉइंगवर चालवली आणि नवी शैली रोमन आकृत्यांच्या फाँटवर बेतलेली असली, की मराठी वाक्यांच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग उभी राहते. ही हानी शैली पूर्ववत केल्यास भरून निघते. मात्र सर्व अक्षरे मोठ्या लिपीत करणारी टीकेस ही कमांड चालवल्यास तसे होत नाही, कारण या फाँटमध्ये लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांवर वेगवेगळी देवनागरी चिन्हे बसवलेली असतात, आणि कोणते अक्षर मुळात लहान होते याची नोंद फाइल मिटल्यावर कुठेही उरत नाही. युनिकोडमधील मजकुराची अडचण वेगळी आहे: ऑटोलिस्पला युनिकोडचा पूर्ण आधार २०२१ च्या आवृत्तीत मिळाला, त्यामुळे त्याआधी लिहिलेल्या शोधा-आणि-बदला प्रकारच्या लिस्प देवनागरी शब्दांवर भरवशाने चालतीलच असे नाही. म्हणून मराठी मजकूर स्वतंत्र लेयरवर आणि स्वतंत्र शैलीत ठेवावा, मजकुरावरील कोणतीही सरसकट कमांड देण्यापूर्वी तो लेयर कुलूपबंद करावा आणि काम झाल्यावर तो मजकूर डोळ्यांखालून घालावा, एवढी शिस्त आवश्यक ठरते; मालमत्तेच्या कागदपत्रात एक गट क्रमांक किंवा एक नाव चुकणे ही किरकोळ बाब नाही.

सपाटीकरणाची कथाही सांगण्याजोगी आहे. सर्व्हेअरकडून आलेल्या ड्रॉइंगमध्ये बिंदूंना उंचीही असते, त्यामुळे आडवे अंतर ३ मीटर आणि उंचीतील फरक ४ मीटर असलेल्या दोन बिंदूंमधील अंतर मोजले असता ५ मीटर हे तिरके अंतर मिळते, आणि वरून पाहणाऱ्याला चूक कोठे आहे ते उमगत नाही. सर्व वस्तूंची उंची शून्यावर आणणारी फ्लॅटन ही कमांड या घोटाळ्यावर उत्तम उपाय आहे. परंतु त्याच ड्रॉइंगमधील समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा, आपली उंची त्याच क्षणी गमावतात, आणि उताराच्या जमिनीवर जोत्याची पातळी ठरवण्यासाठी नेमकी तीच माहिती लागते. सपाट करायची असते ती इमारत. जमिनीचे मूळ सर्वेक्षण वेगळ्या फाइलमध्ये अस्पर्शित राहिले पाहिजे.

मंजुरीसाठी द्यावयाच्या ड्रॉइंगमध्ये तर या प्रश्नांना कायद्याचे वजन येते. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता राज्याच्या मोठ्या भागासाठी डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राशी बांधकाम क्षेत्राचे प्रमाण, पी-लाइनने वेढलेल्या क्षेत्रावरून मोजला जातो; पी-लाइन ही मजल्याच्या बाह्य परिघाची रेषा होय. संगणकीय छाननीत अशी क्षेत्रे ठरवून दिलेल्या लेयरवरील बंद पॉलीलाइनवरून, म्हणजे अनेक खंडांची मिळून एकच वस्तू असलेल्या रेषेवरून, काढली जातात. आता पी-लाइन आणि भिंतीची बाहेरची रेषा कित्येकदा तंतोतंत एकावर एक येतात. ओव्हरकिलमध्ये लेयरमधील फरक दुर्लक्षित करण्याचा पर्याय आहे, आणि तो निवडला गेल्यास कमांडच्या दृष्टीने या दोन रेषा एकच ठरून त्यांतील एक काढली जाते. भूमितीच्या दृष्टीने त्यात काहीच चुकलेले नसते, चित्रही पूर्वीसारखेच दिसते, आणि तरीही ज्या रेषेवर साऱ्या परवानगीचे गणित उभे आहे ती फाइलमध्ये नसते. या कमांडमधील सहिष्णुता, म्हणजे किती अंतरापर्यंतच्या रेषा एकरूप मानायच्या ती मर्यादा, वाढवण्याचा मोहही घातक आहे. मिलिमीटरमध्ये काढलेल्या तपशिलासाठी सुरक्षित असलेला आकडा मीटरमध्ये काढलेल्या स्थलनकाशात दोन खऱ्या रेषांना एक करू शकतो. वापरात नसलेल्या व्याख्या झाडून काढणारी पर्ज ही कमांड त्यामानाने निरुपद्रवी आहे, पण छाननीसाठी दिलेल्या साच्यातील अद्याप रिकामे असलेले लेयरही ती उडवू शकते, एवढे ध्यानात ठेवावे.

अर्धवट थांबलेल्या कमांडचा परिणाम बहुधा दुसऱ्याच कोणाच्या कामात उमटतो. बिंदू जवळच्या रेषेला चिकटवणारी ऑब्जेक्ट स्नॅप ही सोय चालू असली तर लिस्पने दिलेले बिंदू भलतीकडे ओढले जातात, म्हणून चांगल्या लिस्प ती सोय आरंभी बंद करतात आणि अखेरीस पूर्ववत करतात. वापरणाऱ्याने मध्येच एस्केप दाबले आणि लिस्पच्या लेखकाने चुकीच्या प्रसंगाची तजवीज केलेली नसली, तर ती सोय बंदच राहते. नंतर ओढलेली प्रत्येक रेषा कोपऱ्याला टेकल्यासारखी दिसते, पण टेकत नाही. अशा रेषांवरून सीमा आखताना पॉलीलाइनचा एखादा कोपरा गळू शकतो, आणि ती उघडी असली तरी क्षेत्रफळाची कमांड तक्रार करत नाही: शेवटचा आणि पहिला बिंदू सरळ रेषेने जोडला आहे असे मानून ती आकडा देते. १० मीटर बाय ८ मीटरच्या आयताचा एक कोपरा गळाला, तर ८० ऐवजी ४० चौरस मीटर असे उत्तर येते. एवढी तफावत कोणीही ओळखेल, पण अनेक कोपऱ्यांच्या इमारतीतील लहानसा खाचा गळाला तर ती सहज निसटते.

लिस्प कोठून आली याचीही चौकशी करावी. २०१२ मध्ये ईसेट या संस्थेने उजेडात आणलेला मेड्रे नावाचा घातक प्रोग्राम ऑटोलिस्पमध्येच लिहिलेला होता. तो मुख्यतः पेरू देशात पसरला आणि उघडलेली ड्रॉइंग ई-मेलने परस्पर बाहेर पाठवत होता. ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये ठरावीक नावाची लिस्प फाइल असल्यास ती ड्रॉइंग उघडताच आपोआप लोड होण्याच्या सोयीचा त्याने गैरफायदा घेतला. २०१४ च्या आवृत्तीपासून विश्वासार्ह ठरवलेल्या फोल्डरबाहेरील लिस्प लोड होताना ऑटोकॅड इशारा देते, आणि कामाच्या घाईत तो इशारा बंद करणे ही कार्यालयाची गंभीर चूक ठरते. साध्या मजकुरातील लिस्प उघडून वाचता येते. संकलित स्वरूपातील फाइल वाचता येत नाही, म्हणून तिच्या लेखकाची खात्री असल्याखेरीज ती स्वीकारू नये.

प्रत्यक्ष कार्यपद्धती सोपी आहे. मूळ फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवावी, कारण ज्या लिस्पमध्ये सर्व बदल एका गटात बांधलेले नसतात तिचा परिणाम उलटवताना अनडू किती वेळा द्यावे लागेल हे सांगता येत नाही. कमांड प्रथम एका खोलीपुरत्या निवडीवर चालवावी. त्यापूर्वी आणि त्यानंतर प्रत्येक महत्त्वाच्या लेयरवरील वस्तूंची संख्या आणि बंद पॉलीलाइनचे एकूण क्षेत्र लिहून घ्यावे, कारण नजरेला जे सारखेच दिसते ते आकड्यांत वेगळे निघते; २०१९ पासून ऑटोकॅडमध्ये दोन ड्रॉइंगमधील फरक रंगांनी दाखवणारी तुलनेची सोय आहे, तिचाही उपयोग करावा. फाइल दुसऱ्या कार्यालयाकडे जात असेल तर कोणत्या कमांड, कोणत्या पर्यायांसह, कोणत्या क्रमाने चालवल्या याची चार ओळींची नोंद तिच्यासोबत द्यावी. ही नोंद देण्याची पद्धत फारशी रूढ नाही, आणि ती रूढ करण्याचे काम ड्रॉइंगवर सही करणाऱ्या आर्किटेक्ट आणि इंजिनिअर यांनीच हाती घ्यावे, कारण छाननीत निघालेल्या चुकीचे उत्तर सही करणाऱ्यालाच द्यावे लागते.