बंद गाडीला किल्ली लावण्यापूर्वी

आमची फियाट अकराशे डिलाइट १९६८ सालची, मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. अण्णांनी ती १९९६ मध्ये गोठ्यात उभी केली ती सत्तावीस वर्षे तशीच. नवी बॅटरी जोडून मी थेट स्टार्टर मारणार होतो. अण्णांनी मनगट धरले. “आधी इंजिन फिरतंय का ते बघ.”

वाचकहो, त्यामागे कारण आहे. दमट हवेत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटतात. जबरदस्ती केल्यास रिंग मोडते, सिलिंडर ओरबाडला जातो. म्हणून चारही प्लग काढून आत थोडे थोडे ऑइल सोडले आणि आठ दिवस (माझ्या मते फार लांबलेले!) वाट पाहिली. मग टॉप गियर टाकून गाडी हलकेच ढकलली. इंजिन फिरले.

टाकीतले पेट्रोल राळेसारखे झाले होते. टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही धुतले. पण ब्रेक त्याहून महत्त्वाचे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्याने चाकाजवळचे पिस्टन गंजून अडकतात. ते काम इंजिनाआधी उरकले, कारण सुरू न होणारी गाडी कुणाला इजा करीत नाही.

डिसेंबरात इंजिन लागले. अण्णांना आता फारसे दिसत नाही. कान देऊन म्हणाले, “टॅपेट वाजताहेत.”