‘सर्व मानव’: एका शब्दाचा पाठ

मानवी हक्कांची कलमे मुलांकडून घोकून घेण्यापेक्षा ती कशी घडली हे सांगणे अधिक उपयुक्त ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात अमेरिका, चीन, लेबानन, भारत अशा भिन्न परंपरांच्या देशांचे प्रतिनिधी होते. मसुद्याच्या पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ असे इंग्रजी शब्द होते. ‘मेन’ म्हणजे माणसे, तसेच पुरुषही. या शब्दाचा आधार घेऊन स्त्रियांना वगळता येईल, अशी हरकत भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी घेतली. अखेर तेथे ‘सर्व मानव’ या अर्थाचे शब्द आले. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे जाहीरनामा ४८ मतांनी संमत झाला. विरोधी मत एकही पडले नाही; मात्र सोव्हिएट रशिया, सौदी अरेबिया, दक्षिण आफ्रिका यांसह ८ राष्ट्रे तटस्थ राहिली.

पाठाच्या वेळी शिक्षकांनी फळ्यावर लिहावे : ‘मधल्या सुट्टीत मुलांनी मैदानावर खेळावे.’ यात मुली आल्या की नाहीत, हे वर्गास विचारावे. उत्तरे दोन्ही प्रकारची येतील. तीच हंसाबेनांची अडचण होती.

नंतर आठवडाभर मैदानावर कोण खेळते व वर्ग कोण झाडते, याची नोंद मुलामुलींनीच ठेवावी. झाडू केवळ मुलींच्याच हाती दिसला, तर कामाच्या पाळ्या शिक्षकांनी दुसऱ्याच दिवशी बदलाव्यात. त्याशिवाय हा पाठ पुरा झाला असे समजू नये.