आधी फिर्याद ऐका

आमच्या नातवाच्या डब्यातील शंकरपाळी शाळेच्या रिक्षातच एक दांडगा मुलगा हिसकावून घेतो, ही वार्ता घरी येताच आमच्या चिरंजीवांनी फिर्यादीची जबानी पुरती होऊ न देता ‘तूही एक ठेवून दे’ असा हुकूम सोडला. हुकमाची तामिली झाली. मात्र तडाखा बसला तो रिक्षातील सर्वांत लहान, बालवर्गातल्या पोराला. शंकरपाळी जावयाची ती जातच राहिली. हात उगारावयास शिकविलेले मूल पुष्कळदा आपल्याहून दुबळ्यावरच तो उगारते, आणि शिकविणाऱ्यास त्याचा पत्ताही नसतो.

परंतु दांडग्यापुढे गप्प राहणाऱ्या आमच्या नातवाची वाचा बसली होती ती काही रिक्षात नव्हे. थोरांपुढे ‘नको’ म्हणणे हा ज्या घरात उद्धटपणा ठरतो, पाहुण्याने नाव विचारले असता मुलाने ओठ उघडण्यापूर्वीच जिथे आई उत्तर देऊन मोकळी होते, आणि गालगुच्चा घेणाऱ्या आत्यापासून मूल अंग चोरू लागले की दटावणी मात्र त्यालाच मिळते, त्या घरातील बालकाने उंबरठ्याबाहेर पडताच निर्भय व्हावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने बाळगावयाची? १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिणाऱ्या ताराबाई मोडकांनी मुलास आपले काम आपण करू देण्यावर भर दिला. आपले म्हणणे आपण मांडणे हेही त्यातलेच एक काम होय.

यास्तव घरीच तालीम घ्यावी. आजोबांनी दांडगा व्हावे (ही भूमिका मला बरी साधते!) आणि नातवाने मान वर करून, खणखणीत आवाजात ‘डबा माझा आहे, हात लावू नकोस’ एवढेच म्हणावे; न ऐकल्यास तडक रिक्षावाल्या काकांकडे वा बाईंकडे जावे. दुसऱ्यास शिक्षा व्हावी म्हणून सांगणे निराळे आणि आपली सुटका व्हावी म्हणून सांगणे निराळे, हे पाच वर्षांच्या मुलासही उमगते. घरी मात्र त्याची कैफियत मध्येच न तोडता अखेरपर्यंत ऐकावी, आणि मगच निकाल द्यावा.

शिक्षकच हात उगारीत असतील, तर तो कज्जा मुलाच्या अंगावर टाकू नये. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोहोंची मनाई केली आहे. पालकांनी स्वतः मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज दाखल करावा, आणि त्याची पोच घेतल्यावाचून कचेरीतून उठू नये.