संत्र्याची मेजवानी

वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीरकडे आंबिया बहाराची संत्री उतरू लागली, की शाळेत एक दिवस चूल न पेटवता फळांची मेजवानी करा. संत्री, पेरू, सीताफळे, जे मिळेल ते आणा.

आधी एक प्रयोग. बादलीभर पाण्यात सालीसकट संत्रे सोडा. ते तरंगते. आता सोलून फोडी सुट्या करून टाका. बहुतेक फोडी तळाला जातील. असे का? साखर विरघळलेली असल्याने रसाची घनता पाण्याहून थोडी अधिक असते. सालीच्या आतला पांढरा भाग मात्र स्पंजासारखा असून त्यात हवा असते. साल काढणे म्हणजे पोहणाऱ्याचा भोपळा सोडून घेणे!

आता फोडी वाटून खा. त्यांतील क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते, म्हणून फळ ताजे, न शिजवता खावे. परंतु नुसत्या फळांवर राहू नये; त्यांत प्रथिने फार थोडी असतात आणि ब-१२ जीवनसत्त्व नसते. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास क जीवनसत्त्व मदत करते. म्हणजे फळाची खरी मैत्री भाकरीशी! ज्याच्या डब्यात नुसती भाकरी असेल, त्या मित्राला चार फोडी जरूर द्या. त्याच भाकरीतून त्याला अधिक लोह मिळेल.