वनपट्ट्याचा दावा अमान्य झाला? कुठे जायचं, किती खर्च येतो

जबरानजोतीचा दावा फेटाळला गेला की गावात पहिला प्रश्न येतो तो जमीन सोडावी लागेल का, आणि दुसरा, पैसे किती लागतील. पहिल्याचं उत्तर वनहक्क कायदा २००६ च्या कलम ४(५) मध्ये आहे: हक्क मान्यतेची आणि पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत वननिवासीला हलवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला होता; २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पायरीवर अवलंबून आहे.

आधी लेखी निर्णय मिळवा

‘तुमचा दावा बसला नाही’ हे तोंडी सांगणं पुरेसं नाही. निर्णय दावेदाराला प्रत्यक्ष कळवावा, असं नियम सांगतो. ग्रामसभेने शिफारस केलेला आणि दोन पुरावे जोडलेला दावा फेटाळायचा तर कारणं लेखी द्यावी लागतात. प्रत मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: शुल्क १० रुपये, पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

अपिलाच्या पायऱ्या

ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध उपविभागीय समितीकडे (प्रांतांकडे) आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे (जिल्हाधिकाऱ्यांकडे) जाता येतं. मुदत ६० दिवस. समितीला वाटल्यास आणखी ३० दिवस. नियमांत यासाठी कुठलंही शुल्क नाही, दाव्याचा नमुनाही फुकट मिळायला हवा. ‘फाइल पुढे सरकवतो’ म्हणत पैसे मागणारा दलाल असतो, हे धरून चाला.

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पेसा गावांत, राज्यपालांच्या मे २०२० च्या अधिसूचनेने आणखी एक दार उघडलं: जिल्हा समितीविरुद्ध विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील. गडचिरोली जिल्ह्यासाठी हे अपील नागपूरला होतं.

इथे खर्च येतो तो झेरॉक्सचा, एसटीचा आणि बुडालेल्या रोजीचा. सिरोंच्याहून गडचिरोलीच सुमारे २०० किलोमीटर आहे. म्हणून एकाच फेरीत सगळे कागद न्या आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय परतू नका.

उच्च न्यायालय, नागपूर खंडपीठ

समित्यांचा मार्ग संपल्यावर रिट याचिका करता येते. न्यायालय तुमचं शेत नव्याने मोजत नाही. कारणं दिली का, बाजू ऐकली का, पुरावे पाहिले का, हे तपासतं. चुकलं असेल तर बहुधा प्रकरण समितीकडे फेरनिर्णयासाठी परत पाठवतं. सॅटेलाइटचं छायाचित्र इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही, हा मुद्दा इथे कामाला येतो.

खाजगी वकिलाची फी ठरलेली नसते. आधी लेखी विचारा आणि टंकलेखन, भाषांतर, तारखांचा प्रवास त्यात धरलाय का ते पाहा. मात्र अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती आणि महिला यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे करा, हेल्पलाइन १५१००.

खर्च करण्याआधी हे तपासा

आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. मर्यादा ४ हेक्टर. बिगरआदिवासी कुटुंबाला त्या तारखेआधी तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्यही सिद्ध करावं लागतं. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून येऊन मुलचेरा-चामोर्शी भागात वसवलेल्या बंगाली कुटुंबांना ही अट पेलणं जवळपास अशक्य आहे. त्यांनी वनहक्काच्या अपिलात पैसे घालण्याआधी पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीचे महसुली कागद वकिलाला दाखवावेत.

इतरांनी निर्णय हातात पडला त्याच दिवशी त्यावर तारीख लिहून सही करावी आणि ६० दिवस मोजायला लागावं. या सगळ्या वाटेवर सर्वांत महाग पडते ती हुकलेली मुदत.